शिडीच्या दंडावरचा ऑक्टोपस

—अहं, बोलायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले? वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेत, तार निसटली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा गप्प पडून राहा. डोळे वटारा हवे तर, डोळ्यांना कुणी तार बांधलेली नाही. ही नळी धरा ओठांत — डावीकडून हो, डावीकडून, उजवीकडे सूज आहे — आणि ओढा हळूहळू. सूप आहे, गाळून घेतलंय. गरम नाही, हातावर थेंब टाकून बघितलाय मी, तान्ह्या पोराचं बघतात तसा. तर काय सांगत होते — हां, पोलीसबाई. जेवणं झाल्यावर येते म्हणालीय. तुम्हाला बोलता येत नाही हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली हरकत नाही, मी विचारीन, त्यांनी नुसती मान हलवायची. आणि पहिलं काय विचारणार ती? ‘तुम्ही पाय घसरून पडलात का?’ आणि तुम्ही काय करणार? मान अशी, वरखाली. बास. आज एवढंच काम आहे तुम्हाला. दुकान मी उघडलंय, शर्ट झालेत, डॉक्टरीणबाईंचे कोट तेवढे राहिलेत, खाली इस्त्री तापत ठेवूनच वर आले.

मान हलवताय? आडवी? वाटलंच मला. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्या त्या नर्सचा हात धरून तिच्या तळव्यावर बोटानं काय गिरवत होतात, ते मला दिसलं नाही असं वाटलं का? ‘बहीण’. बहिणीनं मारलं म्हणे! नर्सनं ते डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरनं चौकीत कळवलं — आधीच त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, एकदा पडून जबडा दोन जागी मोडत नाही म्हणाले — आणि आता ती पोलीसबाई तुमच्या बहिणीला, आपल्या शिडीला, शोधत फिरतेय. शिडीनं तुम्हाला बोट तरी लावलं का हो? कुणी मारलं ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. पण बायकोनं जबडा मोडला हे सांगायला लाज वाटते, आणि बहिणीवर ढकलायला नाही वाटत, होय ना? ओढा, ओढा. सांडवू नका, ती उशीची खोळ मलाच धुवायचीय.

खरं सांगू, तुम्हाला त्या दिवसाचं काही माहीतच नाही. व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी येऊन जेवढं ओकलं तेवढंच तुम्हाला माहीत. आज ऐका. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच असं झालंय की मी बोलतेय आणि मध्येच ‘पुरे’ म्हणणारं कुणी नाही. शिडी — तुमचीच बहीण, नावही तुम्हीच पाडलंत. शाळेत असतानाच दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं, तेव्हा ‘आली बघा शिडी’ म्हणालात आणि तेच चिकटलं. आईवडील गेले तेव्हा ती एवढीशी होती, तिला पाठुंगळीला बांधून तुम्ही गिऱ्हाइकांच्या इस्त्र्या उरकायचात — हे तुम्हीच सांगितलंत मला लग्न झाल्यावर, आणि सांगताना तुमचा आवाज असा काही मऊ झाला की मला वाटलं, सुटले बाई, माणूस बरा मिळाला. होता का तो माणूस? होता असेल. मी नाही म्हणत नाही. तिचे केस तुम्ही विंचरायचात, तिला गाडी चालवायला तुम्ही शिकवलंत — आणि काय चालवते ती आपली गाडी! हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, सभागृहाचे पडदे, सगळं आणते-पोचवते, आजवर एक रुमाल हरवला नाही तिच्या हातून. पण चालताना बघितलंत कधी तिला? कायम वाकलेली. खांदे पुढे, मान खाली. बसमध्ये वाकून, दारातून वाकून, माणसांशी बोलताना वाकून. लोक म्हणायचे, हिला नवरा शोधायला झाडावर चढावं लागेल. आणि तुम्ही त्यांच्यासोबत हसायचात.

तो ऑक्टोपस मला कधी कळला, विचारा. भर उकाड्यात पोरगी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून हिंडायला लागली. आणि बाह्यांना इस्त्री घरात कोण करतं? मी करते. डाव्या बाहीच्या आत, वरच्या अंगाला, डाग — थोडा तेलकट, थोडा काळा, थोडा रक्ताचा. म्हटलं, हिला कुणीतरी मारतंय. या घरात दुसरं काय सुचणार? न्हाणीघरात ओढलं तिला, कडी लावली आणि बाही वर केली — अहो, काय सांगू! खांद्यावर ते बोचक्यासारखं डोकं, त्यातला एक डोळा आपल्याकडेच बघणारा, आणि आठ पाय दंडाला विळखे घालत थेट कोपरापर्यंत. पायांना बटणं लावल्यासारखे गोल गोल, एकेक गोल निराळा, निळा-काळा. आणि मी काय बोलले, सांगू? तुम्ही बोलला असतात तेच. असलं अंगावर कोण काढून घेतं ठाऊक आहे का, म्हटलं — ट्रकवाले, तुरुंगातले आणि त्या तसल्या बायका. तर हसून म्हणते, ‘आणि लाँड्रीवाल्या.’ अगं पण कशाला? ‘आवडला.’ अर्थ काय त्याचा? ‘वहिनी, आवडला. अर्थ कसला?’ मी खूप चिडले. आईची आठवण म्हणाली असती, कुठला नवस म्हणाली असती, तर मला गिळता आलं असतं. नुसता आवडला — एवढ्यासाठी कुणी कातडी टोचून घेतं का? मग एकदा ती गाडीतून गठ्ठे उतरवत होती, बाही वर सरकलेली, तुम्ही घरात नव्हतात, आणि दंडाचा स्नायू फुगला तसा त्या जनावराचा पाय हलला. खरंच हलला. मी हातातलं काम टाकून बघत राहिले. मला आवडला हो. कुणाला सांगितलं नाही मी हे, तुम्हालाच सांगतेय.

मग ती स्पर्धा. सभागृहाचे पडदे द्यायला गेली तिथे भिंतीवर जाहिरात बघून आली — शहरसुंदरी, व्यापारी संघातर्फे. रात्रीची भांडी घासताना मला म्हणते, ‘वहिनी, तिथं उंच मुली लागतात.’ मी म्हटलं, मग? म्हणते, ‘जन्मभर दारांतून वाकून गेले, एकदा सरळ चालून बघते.’ मीच म्हटलं, जा. हो, मी. ती तुम्हाला सांगणार होती, मी म्हटलं सांगू नकोस. तो निळा गाऊन — कुणीतरी धुवायला टाकून परत न्यायलाच न आलेला, कित्येक वर्षं आपल्या दांडीला लटकत होता तो — मी उसवला, खालून पट्टी लावून लांब केला. तुमच्या नाकासमोर शिवत होते, तुम्ही म्हणालात कुणाचा आहे, मी म्हटलं गिऱ्हाइकाचा.

पहिल्या दिवशी संघाच्या एका बाईनं सगळ्या पोरींना रांगेत उभं केलं आणि माना, पाठी, दंड असे वळवून वळवून बघितले, बाजारात वांगी बघतात तशी. डाग नको, व्रण नको, गोंदलेलं तर मुळीच नको — ‘चांगल्या घरच्या मुली आहेत ना तुम्ही?’ शिडी तेव्हा पूर्ण बाह्यांत होती, गठ्ठे पोचवून तशीच गेलेली, म्हणून सुटली. आणि इकडची गंमत ऐका. जिनं तो ऑक्टोपस काढला ना — सुईवाली म्हणतात तिला, डोकं तासलेलं, दोन्ही हात भरलेले, स्टेशनामागे दुकान आहे — तिला शिडीनं हौसेनं सांगितलं, मी स्पर्धेत उभी राहतेय. तर ती पिसाळली. ‘माझं काम अंगावर घेऊन तू गुरांच्या बाजारात उभी राहणार? दात मोजून द्यायला? त्या रंगवलेल्या बाहुल्यांमध्ये?’ आणि शाईची बाटली भिरकावली हो तिच्या अंगावर. मी स्वतः तो शर्ट धुतलाय, शाई अजून गेली नाही. म्हणजे बघा, इकडच्यांच्या लेखी ती बाजारबसवी आणि तिकडच्यांच्या लेखी ती बाहुली. घरी आली, गाडीत बसून रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, ‘दोघांनाही काय कळतं?’

स्पर्धेच्या दुपारी मी तुम्हाला माझ्या बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि तिच्यासोबत गेले. नाटकातला रंगवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडून कातडीच्या रंगाचा लेप आणला होता, तो गाडीतच तिच्या दंडावर थापला, थरावर थर, वर पावडर. काही म्हणता काही दिसेना. मी म्हटलं, बघ, कशी स्वच्छ दिसतेस. ती आरशात बघून म्हणाली, ‘मेल्यासारखा दिसतोय हात.’ पहिल्या फेरीत चालली — अहो, काय चालली! वाकली नाही. मान ताठ, खांदे मागे, तो निळा गाऊन पायांशी लाटेसारखा. मला वाटलं, ही कोण? आपल्या घरात कपड्यांचे गठ्ठे वाहते ती हीच का? शेजारची बाई म्हणाली, कुणाची हो मुलगी? मी म्हटलं, माझी नणंद. असा ऊर भरून आला होता ना — तुम्ही असायला हवं होतं तिथं. खरंच हवं होतं.

मग आत, कपडे बदलायच्या खोलीत. नुसते आरसे आणि दिवे, उकडून जीव जात होता. लेप ओघळायला लागला. दातांच्या डॉक्टरची मुलगी होती एक, तिची आई तिच्या मागेमागे ब्रश घेऊन. तिच्या पांढऱ्या टॉवेलाला शिडीच्या दंडाचा रंग लागला. बाईनं टॉवेल बघितला, शिडीचा दंड बघितला आणि धरलाच — मनगट पिरगाळून धरलं आणि स्पिरिटचा बोळा घेऊन घासायला लागली, भांडं घासतात तशी. एक पाय बाहेर आला, मग दुसरा. ‘अगं बघा, बघा, हिच्या अंगावर काय आहे!’ अशी किंचाळली की जणू महारोग. पोरी गोळा झाल्या. कोण म्हणालं, तुरुंगातून आलीय वाटतं. कोण म्हणालं, असल्यांना दर विचारायचा असतो. हसल्या. चांगल्या घरच्या. शिडीनं हात सोडवायला झटका दिला तर त्या बाईनं ब्रश उलटा धरून मुठीच्या हाडांवर मारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मी — मी भिंतीला टेकून उभी. मला वाटलं, शिडी आता हिला उचलून आरशावर आपटते. तेवढी ताकद आहे तिच्यात. नाही आपटलं. मनगट सोडवलं, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून सगळा लेप धुऊन काढला. अख्खा. डोकं, डोळा, आठही पाय. मी तिच्या कानाशी लागले, म्हटलं, पाया पडते तुझ्या, विचारलं तर सांग आईची आठवण आहे. आईला समुद्र आवडायचा म्हण. लोक रडतील, टाळ्या वाजवतील, जिंकशील ग. ‘आईनं समुद्र कधी बघितला होता, वहिनी?’ एवढंच म्हणाली.

आणि गेली तशीच. दंड उघडा. सभागृहात आधी कुजबूज, मग शिट्ट्या. अध्यक्ष माइक घेऊन उभे, चेहऱ्यावर ते हसू — पडद्यांचं बिल कमी करून मागतात तेव्हाचं. ‘हे काय आहे, सांगाल का जरा सगळ्यांना?’ ‘ऑक्टोपस.’ ‘आणि याचा अर्थ?’ ‘अर्थ काही नाही. मला आवडला.’ ‘उद्या लग्न होईल, मुलं विचारतील, आई हे काय — काय सांगणार?’ ‘ऑक्टोपस म्हणून सांगीन.’ मागचे काही लोक हसले, चांगलं हसले, मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात बाटली आली. पाण्यानं भरलेली होती. कानशिलावर बसली तिच्या, असा आवाज झाला — गठ्ठा टाकल्यासारखा. निळ्या गाऊनवर लाल ओघळ. कुणी उठलं नाही. अध्यक्ष बाजूला सरकले, आपल्या कोटावर शिंतोडा उडेल म्हणून. आणि ही बया काय करते? पळते? नाही. शिकवलं होतं तसं मंचाच्या टोकापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. सरळ. मान जराही खाली नाही. दुसरी बाटली आली, चप्पल आली, कुणीतरी खुर्ची उचलली — कव्हरं आपणच धुतलेली — तरी ती चाल पुरी करून आत गेली.

गाडी मागच्या बाजूला लावली होती. तिथं चौघंपाचजण. त्यांतला एक अध्यक्षांच्या घरचा, पुतण्या की कोण. ‘बाकीचे पाय कुठपर्यंत गेलेत तेही दाखव ना,’ म्हणाला आणि गळ्यापाशी हात घालून गाऊन फाडला. टर्रकन. मी शिवलेला. मग मात्र शिडीनं गाडीतला जॅकचा दांडा काढला. त्याचं मनगट असं मागे वळलेलं मी बघितलंय, हो, हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो, मी कुणाच्या घरात नांदते! दुसऱ्यानं तिचे केस धरून डोकं गाडीच्या दारावर आपटलं. मी हातात होता तो हँगर — लाकडी, जाड — त्याच्या तोंडावर इतक्यांदा मारला की हँगर तुटला. मी हो! मी, जी तुमच्या पायांचा आवाज आला की चहाचा कप खाली ठेवते. समोरची काच फुटलेली, गाडी तशीच पळवली तिनं. वाटेत मला — कसं सांगू — बरं वाटत होतं.

बघा, कसं बघताय. सूप संपवा.

सकाळचं तुम्हाला आठवत असेलच. अध्यक्ष आले, धुतलेले पडदे आपल्या दारात फेकले, म्हणाले, तुमच्या घरात धंदा चालतो तर आमचे कपडे इथं नकोत. पुतण्याचा हात मोडला हे सांगितलं. गाऊन कुणी फाडला ते सांगितलं? नाही. आणि तुम्ही विचारलंत? तेही नाही. तुम्ही फक्त ‘साहेब, साहेब’ करत होतात. ते गेले तेव्हा तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत, इस्त्रीचा काटा शेवटपर्यंत फिरवलात आणि हाक मारलीत — ‘अगं, जरा खाली ये बरं.’ इतकी गोड हाक! मी त्या गोडव्याला ओळखते. माझं बोट शटरमध्ये गेलं त्या दिवशीही अशीच हाक आली होती. शिडी बिचारी आली, तिला वाटलं दादा कानाची जखम बघायला बोलावतोय. तुम्ही तिचा हात टेबलावर ठेवलात, गुडघ्यानं दाबलात, आणि काय म्हणालात? ‘डाग काढतो. माझं कामच आहे ते.’

कापड जळाल्याचा वास मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता.

ती ओरडली ‘दादा’ म्हणून. दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हालाच हाक मारत होती, तुमच्यापासून वाचवायला. आणि तुम्ही इस्त्री उचलून पुढच्या पायावर टेकवलीत. तेव्हा मी बाह्यांना इस्त्री करायची फळी घेतली — शिसवीची आहे, तुमच्या वडिलांच्या हातची — लाकडी खोक्यावर चढले, तुमच्या हातावर मारायची म्हणून. पहिली हातावरच मारायची होती, तुम्ही मान वळवलीत. आणि दुसरी — असो. दुसरीपर्यंत इस्त्री तुमच्या हातातून सुटलेली होती, हे मला मागाहून लक्षात आलं. म्हणजे, तेव्हाच आलं. असो म्हटलं ना.

शिडी कुठाय ते विचारू नका. बरी आहे. सुईवालीनंच नेलं तिला — हो, तीच, शाई फेकणारी. स्पर्धेचं कळल्यावर स्वतः धावत आली होती भांडायला, की माफी मागायला, कुणास ठाऊक, आणि दारातच तो हात बघितला. तिला उचलूनच नेलं तिनं. जखमेची पट्टी तीच बदलते रोज. तीन पाय गेलेत म्हणाली. शिडी म्हणते, पाच पुरेत.

म्हणून सांगतेय, आता मान हलवा. माझं हे बोट बघा, वाकडं. शटर कुणी ओढलं होतं? आणि त्याच डॉक्टरांनी विचारलं, ‘आपोआप पडलं का शटर?’ आणि मी काय केलं? मान हलवली. वरखाली. तुमच्या तोंडाकडे बघून हलवली. आज तुमची पाळी. एकदा. आपण दोघंही घसरून पडणारी माणसं, एवढंच. मग तुम्ही तुमचं दुकान चालवा, मी —

आल्या वाटतं. तोंड पुसा.

या, या बाई. जिन्यावर डोकं नाही ना लागलं? ही खुर्ची घ्या, कपडे बाजूला करते, धुतलेलेच आहेत. हो, हेच. ऐकू येतं सगळं, नुसतं बोलता येत नाही. विचारा तुम्ही. — हो, फरशी ओली होती, खळीची बादली सांडलेली, मी सांगितलं होतं ना डॉक्टरांना. — बरं, बरं, मी नाही बोलत मध्ये. — अहो, बाई काय विचारतायत? पडलात ना? — हलवा मान. — अहो. — हे काय? हात कशाला वर करताय? पंखा हवाय त्यांना, बाई, उकडतं फार. — अजून वर? केवढा नेताय हात — काय म्हणालात, बाई? कुणी उंच बाई? — नाही हो, तसं नाही, औषधाची गुंगी आहे त्यांना, ते —

हात खाली कर.

हो, ‘कर’. तुलाच म्हणतेय. खाली कर तो हात.

थांबा बाई, लिहू नका. लिहिलंत? खोडा मग. उंच बाईनं नाही मारलं. तिचा हात टेबलावर दाबलेला होता यानं, तो हात येऊन बघा एकदा, मी नेते तुम्हाला. मी मारलं. फळी खाली भिंतीला उभी आहे, पुसून ठेवलीय, पण कडेला दिसेल तुम्हाला. दोन फटके. पहिला हातावर जायचा तो चुकला. दुसरा चुकला नाही. मारणारीची उंची लिहा — पाच फूट, तीसुद्धा खोक्यावर चढून. — नको, त्याच्याकडे बघू नका, त्याला काय बोलायचं होतं ते त्यानं बोटानं सांगितलंय. — येते ना. पळतेय कुठं? चला. इस्त्री चालू राहिलीय खाली, तेवढं बटण बंद करते.